पिल्लू घेताना त्याची आई पाहा

बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? त्याचे दात पाहतो. खांदा पाहतो. चार पावले चालवून पाहतो. विकणारा कोणत्या गावचा, तेही विचारतो. पण कुत्र्याचे पिल्लू घेताना यातले काहीच करीत नाही. मोबाईलवर फोटो पाहायचा, पैसे पाठवायचे, की खोक्यात घालून पिल्लू घरी येते.

लॅब्राडोर, पामेरियन, जर्मन शेफर्ड ही नावे आता आपल्या पोरांच्याही तोंडी आहेत. हौस असावी. तिला आमची ना नाही. पण हे पिल्लू आले कोठून?

कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. मग सुमारे ६३ दिवस ती गाभण असते. वेताला चार, सहा, कधी आठ पिल्ले होतात. दहा-पंधरा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात. पुढेही महिना-दीड महिना ती आईला पितात. एवढ्यात आईच्या फासळ्या दिसू लागतात. आपली गाय व्याली म्हणजे आपण तिला ढेप चारतो, जपतो. कुत्रीलाही तसाच विसावा हवा असतो.

काही लोक तिला हा विसावा देत नाहीत. त्यांनी पिल्लांचा धंदा मांडला आहे. अशा जागेला इंग्रजीत पिल्लांची गिरणी म्हणतात. तुमसरच्या माणसाला गिरणी काय ते सांगायला नको. इकडून धान टाकले की तिकडून तांदूळ पडतो. या गिरणीत मात्र धानाच्या जागी जिवंत आई असते. ती माजावर आली की लगेच नर दाखवतात. एक वेत संपले की दुसरे. तिला राहायला अंधाऱ्या खोलीतला लहानसा पिंजरा. खाणे, हगणे, विणे सगळे तिथेच. जाळीवर उभे राहून पाय सोलतात. ऊन नाही, माती नाही. अंगावर खरूज, गोचिड. वेते थांबली की तिला दूर रस्त्यावर सोडून देतात. विकत घेणारा फक्त पिल्लू पाहतो, आणि पिल्लू गोजिरवाणेच असते.

पिल्लाचेही हाल कमी नसतात. लहान दिसावे म्हणून त्याला पंचवीस-तीस दिवसांतच आईपासून तोडतात. चावा किती जोराने घ्यायचा नाही, हे पिल्लू आई-भावंडांत खेळताना शिकते. ते शिकायचे राहून जाते. गर्दीत रोगही लागतो. पार्वो नावाच्या रोगात पिल्लू ओकते, रक्ताची हगवण लागते आणि बरीच पिल्ले चार-सहा दिवसांत मरतात. पैसे गेले ते गेलेच, घरातली लेकरे रडत बसतात. विकणारा तेव्हा फोन उचलत नाही.

याला कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६० साली कायदा झाला. त्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड लिहिला. एवढ्याशा दंडाला कोण भितो? पुढे २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे खास नियम आले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. दीड वर्षाच्या आत कुत्री फळवायची नाही. वर्षात एकच वेत घ्यायचे. जन्मात पाचांहून जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही.

म्हणून विकत घ्यायचेच असेल तर विकणाऱ्याच्या घरी जावे. नोंदणीचा कागद मागावा. पिल्लाची आई कोठे आहे, ती दाखवा म्हणावे. आई दाखवायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नये. दया येऊन एक पिल्लू सोडवून आणले, तरी त्या पैशावर पुढचे वेत निघते. आणि दाट केसांचे थंड मुलखातले कुत्रे वैशाखात आपल्याकडे कसे जगेल, याचाही विचार करावा.

खरे सांगायचे तर राखणीला आपले गावठी कुत्रे काय वाईट आहे? त्याला आपले ऊन सोसते. भात-भाकर चालते. पण आपल्याकडे एक वाईट चाल आहे. लोक नर पिल्लू ठेवतात आणि मादी पिल्ले शिवेवर नेऊन टाकतात. मादीही तितकीच राखण करते. वेताची भीती असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून तिचे ऑपरेशन करून घ्यावे.

पिल्लू घरी आणल्यावर त्याला जंताचे औषध व लशी द्याव्या. तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याच्या रोगाची लस टोचावी, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. कुत्रे कोणाला चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हा रोग एकदा अंगात उमटला की माणूस बहुधा वाचत नाही.

धानकापणीच्या सुमारास गावात बऱ्याच कुत्री वितात. तणसाच्या ढिगात अशी एखादी दिसली तर पिल्लू उचलायची घाई करू नये. दोन महिने ते आईजवळ राहू द्यावे. तोवर आईलाच रोज भाताची पेज घालावी. ओळख पडली की ती आपल्याला पिल्लांजवळ बसू देते.