वंशावळीतील धर्मभगिनी

अनेक कॅथलिक घराण्यांच्या वंशावळीत आजीची एखादी बहीण असते आणि तिच्या नावापुढे ‘मठात गेली’ एवढेच लिहिलेले असते. विवाह नाही, संतती नाही. म्हणून रेषा तेथेच थांबते. वस्तुतः तिच्या पुढील आयुष्याच्या नोंदी झालेल्या असतात. अडचण असते ती नावाची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) बहुतेक संघांत प्रवेश केल्यावर तरुणीला नवे नाव मिळे. जुन्या नावाने शोध घेणाऱ्यास ती म्हणूनच सापडत नाही.

याचे उत्तम उदाहरण कोलकात्यातच आहे. आयर्लंडमधील लोरेटो संघाच्या भगिनी १८४१ च्या अखेरीस या शहरात आल्या. याच संघात १९२८ साली स्कोप्ये येथील अ‍ॅग्नेस गोंजा बोयाजिऊ दाखल झाली आणि जानेवारी १९२९ मध्ये कोलकात्यास पोहोचली. तिने १९३१ साली प्रथम व्रते घेतली. संघात ती सिस्टर तेरेसा, म्हणजेच पुढील मदर तेरेसा, झाली. तिचा जन्म २६ ऑगस्ट १९१० चा व बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशीचा; परंतु कित्येक ठिकाणी २७ ऑगस्ट हीच जन्मतारीख दिलेली आढळते. नावाप्रमाणे तारखाही पारखून घ्याव्या लागतात त्या यामुळेच.

शोधाचा आरंभ बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपासून करावा. बालीगंजमधील एखाद्या कुटुंबाला, मुलीचा बाप्तिस्मा तेथे झाला असल्यास, शेजारच्या पार्क सर्कस येथील ख्राइस्ट द किंग चर्चमध्ये विचारणा करता येईल. या वहीचा समास अवश्य पाहावा. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार त्यात महाव्रतांची नोंद करणे आवश्यक होते; मात्र शिक्षण व सेवाकार्य करणाऱ्या बहुसंख्य संघांतील भगिनींची व्रते ‘साधी’ गणली जात, त्यामुळे त्यांच्याबाबतीत समास कोरा असू शकतो. १९८३ च्या संहितेने आजन्म व्रतांची नोंद सर्वच संघांसाठी आवश्यक केली. ब्रिटिश अमदानीतील बंगाल इलाख्याच्या धार्मिक नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. परंतु कॅथलिकांच्या नोंदी त्यांत अपुऱ्या आहेत.

समास कोरा निघाल्यास संघाकडे वळावे. प्रवेश, व्रते, बदल्या व मृत्यू यांची माहिती संघाच्या दप्तरात ठेवण्याची प्रथा आहे. पत्रात मूळ नाव, आईवडिलांची नावे, जन्मगाव आणि प्रवेशाचे अंदाजे वर्ष द्यावे. आईवडिलांची नावे विशेष महत्त्वाची. कारण मुलीचे नाव बदलले तरी ती बदलत नाहीत. मठाच्या दफनभूमीतील शिळेवर पुष्कळदा केवळ नवे नाव असते, तेव्हा ती शेवटी पाहावी.

घर सोडल्यानंतर मदर तेरेसांची व त्यांच्या आईची पुन्हा भेट झाली नाही. आई १९७२ साली तिराना येथे वारली. त्यांचे नाव जगाने जपले. इतर असंख्य भगिनींचे नाते मात्र घरातील वृद्धांच्या स्मरणावरच टिकून असते. ते वृद्ध हयात असतानाच वंशावळीत दोन्ही नावे शेजारी लिहून ठेवावीत.