रंग वाळतो म्हणजे नक्की काय होतं? जवस, मँगनीज आणि नागपूरचं एलआयटी

आज विषय आहे सरफेस कोटिंगचा. म्हणजे पेंट हो, पण त्यामागचं सायन्स. आणि त्यात आयुष्य घालवणारे प्राध्यापक दिवसभर करतात तरी काय?

नागपूरच्या अमरावती रोडवर एलआयटी आहे, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींचे मालक. त्यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला दिलेल्या पैशातून 1942 मध्ये ही संस्था सुरू झाली. 2023 मध्ये ती स्वतंत्र विद्यापीठ झाली. तिथे केमिकल इंजिनिअरिंगसोबत ऑइल टेक्नॉलॉजी आणि सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजीही शिकवतात. तेल आणि रंग एकाच छताखाली का, हे कळायला आधी जवस बघू. विदर्भात चटणीसाठी भाजतो तीच.

आपल्याला वाटतं, ऑइल पेंट कपड्यासारखा वाळतो. थिनर उडून जातो हे खरं, पण खरी गंमत त्यानंतर सुरू होते. जवसाच्या तेलातले रेणू हवेतला ऑक्सिजन घेतात आणि एकमेकांना गाठी मारत जाळं विणतात. म्हणून निव्वळ जवसाच्या तेलाचा थर वाळताना वजनाने चक्क वाढतो! ऑइल पेंटमध्ये आज बहुतेक वेळा अल्किड रेझिन असतं, पण तेही अशा तेलांपासूनच बनतं आणि वाळण्याची रीत तीच.

हे आपोआप व्हायला फार दिवस लागतात. म्हणून ‘ड्रायर’ घालतात, म्हणजे धातूंची संयुगं, अगदी थोडी. कोबाल्ट वरचा थर झटपट वाळवतं. पण नुसतं कोबाल्ट जास्त झालं तर वर साय धरते, खाली ओलंच राहतं आणि ग्रिलवर सुरकुत्या पडतात. आतपर्यंत वाळवायला पूर्वी शिसं वापरायचे. स्वस्त आणि भरवशाचं, पण लहान मुलांच्या मेंदूला घातक. मग शिसं काढायचं तर त्याचं काम कोण करणार? झिर्कोनियम, कॅल्शियम हे पर्याय आले, पण एक धातू बदलला की चमक, कडकपणा, वाळण्याचा वेळ, सगळं पुन्हा जुळवावं लागतं. आता कोबाल्टच्या विषारीपणावरही प्रश्न आहेत, आणि त्याच्या पर्यायांमध्ये एक नाव आहे मँगनीज! लक्ष्मीनारायण यांच्या खाणीतलंच. फक्त ते पांढऱ्या रंगाला थोडी तपकिरी झाक देतं, त्यामुळे लगेच टाळ्या वाजवू नका.

या क्षेत्रातलं संशोधन बरंचसं असं जुळवाजुळवीचं असतं, आणि वाट बघण्याचं. रंग दिलेला पत्रा 35 अंशांच्या पेटीत ठेवून त्यावर 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात, शेकडो तास. ब्लेडने चौकडी पाडून, वर टेप चिकटवून ओढतात. किती रंग निघाला ते मोजतात. पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी किती अंशांचा कोन करतो तेही बघतात. थेंब पसरला तर रंगही नीट पसरून धरेल अशी आशा. तेलकट पत्र्यावर तो गोळा होऊन बसतो. आपला रंगारी पॉलिश पेपर मारून पत्रा पुसून घेतो ना, ते हेच सायन्स. पेटीत पास झालेला रंग नागपूरच्या मे महिन्यात टिकेलच असंही नाही, म्हणून नमुने गच्चीवर वर्षानुवर्षं ठेवतात. एका पीएचडीच्या काळात अशी थोडीच उत्तरं हाती लागतात. मला विचाराल तर हा या करिअरचा सगळ्यात कठीण भाग.

शिशाबद्दल एक कामाची गोष्ट. घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी भारताचा नियम 2016 चा, लागू झाला नोव्हेंबर 2017 पासून. मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 90 भाग. इंडस्ट्रियल पेंट या नियमात येत नाही. म्हणून घराचं गेट किंवा मुलांची सायकल रंगवायला कारखान्यातला उरलेला डबा कुणी फुकट दिला, तरी घेऊ नका. आणि जुना रंग घासायचा असेल तर कोरडा घासू नका, ओला करून घासा. पोरांना तेवढा वेळ लांब ठेवा.