उपरोध जेव्हा सुभाषित बनतो

कवीच्या एखाद्या ओळीला अमरत्व लाभले म्हणजे तिचा मूळ अर्थही टिकून राहतो, असे नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील कवी आर्थर ह्यू क्लफ (१८१९-१८६१) यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. बायबलमधील दहा आज्ञांचे विडंबन करणारी त्यांची ‘द लेटेस्ट डेकॅलॉग’ ही छोटी कविता त्यांच्या मृत्यूनंतर १८६२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हत्येचा निषेध आहे. परंतु दुसऱ्याचे प्राण वाचविण्याच्या कष्टांतून त्याच दमात सूटही दिली आहे. पुढे वैद्यकीय नीतीच्या चर्चेत ही सूट गंभीर उपदेश म्हणून उद्धृत होऊ लागली!

वस्तुतः तो बोचरा उपरोध आहे. धर्माज्ञा अक्षरशः पाळावयाची आणि तिचा आत्मा मात्र नफ्यातोट्याच्या हिशेबात बुडवावयाचा, ही तत्कालीन सधन समाजाची वृत्ती क्लफ यांनी उघडी पाडली. त्यांनी तो काळ जवळून पाहिला होता. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने बुडाले आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व साथींनी दगावली. बाजारात हस्तक्षेप नको, या अर्थशास्त्रीय श्रद्धेने सरकारचा मदतीचा हात आखडला गेला. कोणी कोणाची हत्या केली नव्हती. वाचविण्याची पुरेशी तोशीस मात्र सोसली गेली नाही. ही कविता त्या दुष्काळावरच आहे, असे नव्हे. परंतु १८४७ मध्ये ऑक्सफर्डमधील विद्यार्थ्यांनी चैन आवरून दुष्काळग्रस्तांना साहाय्य करावे, असे आवाहन करणारे पत्रक याच कवीने काढले होते, हे विसरता येणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असाध्य रुग्णाचे जीवरक्षक उपचार काही अटींवर थांबविण्यास मान्यता दिली. तिचा आधार रुग्णाची प्रतिष्ठा आणि इच्छा हा आहे. मरणासन्न माणसाच्या यातना न लांबविणे ही करुणा होय. खर्च परवडत नाही म्हणून जगू शकणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे ही बेपर्वाई होय. पहिलीच्या समर्थनार्थ क्लफ यांची साक्ष काढण्याचे कारण नाही. दुसरीवर मात्र त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच आरोपपत्र ठेवले आहे. उपरोधालाच उपदेश मानणारा समाज ते आरोपपत्र आपले प्रशस्तिपत्र समजून मिरवीत असतो.