हर्णैच्या बंदरावर एक संध्याकाळ

पाथर्डीकडील माणसाला समुद्र म्हणजे नकाशावरील निळा रंग. आमच्या तालुक्यांत पावसानें दगा दिला कीं माणसें आभाळाकडे पाहतात, आणि दिवाळी सरली कीं कितीएक कुटुंबें ऊसतोडीसाठीं परमुलखांत जातात. अशा गांवीं आम्हीं तीस वर्षें मुलांना भूगोल शिकविला. ‘कोंकणचे धंदे : भात, नारळ, मासेमारी’ हें वाक्य फळ्यावर किती वेळां लिहिलें याची गणती नाहीं; परंतु त्यांतील तिसरा शब्द आम्हीं डोळ्यांनीं कधींच पाहिला नव्हता.

गेल्या माघांत तो योग आला. आमचा पुतण्या दापोलीच्या कृषि विद्यापीठांत नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तेथें गेलों, आणि एके दिवशीं दुपारच्या चहानंतर त्यानें आम्हांस हर्णै बंदरावर नेलें.

किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, भर पाण्यांत, सुवर्णदुर्ग उभा आहे. १७५५ सालीं इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनें पेशव्यांच्याच साहाय्यानें तो तुळाजी आंग्रे यांजकडून घेतला. घरच्या भांडणांत परक्यास बोलावण्याचा हा धडा शिकवितांना आमचा आवाज नेहमींच जड होई. त्या दिवशीं मात्र किल्ल्यावरील लक्ष लवकरच उडालें. कारण पुळणीवर मासळीच्या लिलावाची वेळ झाली होती.

मोठ्या होड्या उथळ पाण्यामुळें दूरच नांगरलेल्या होत्या. त्यांवरील मासळी लहान होड्यांतून अलीकडे येई, आणि तेथून बैलगाड्या थेट लाटांत घालून ती वाळूवर आणीत. शेतांतले बैल आम्हीं जन्मभर पाहिले. पण पोटापर्यंत खाऱ्या पाण्यांत निमूट उभे राहणारे बैल प्रथमच पाहिले. वाळूवर पापलेट, सुरमई, बांगडे यांचे ढीग पडत होते आणि भोंवतीं बोली चढत होती. वासाचें काय सांगावें! सौभाग्यवतींनीं पदर नाकाला लावला; आम्हीं रुमाल काढला.

पुतण्याच्या ओळखीची एक वृद्ध कोळीण तें पाहून हंसली. “वास येतो ना, मास्तर? ज्या दिवशीं हा वास नसतो, त्या दिवशीं आमची चूल पेटत नाहीं.”

रुमाल खिशांत गेला. सौभाग्यवती तिच्याजवळ वाळूवरच बसल्या. बोलतां बोलतां ती सांगूं लागली, कीं जवळ मिळणारी मासळी आतां दूर गेली. डिझेलचा खर्च निघेल याचा भरंवसा नाहीं. बारीक विणीच्या जाळ्यांत पिल्लेंहि जातात. रात्रीं झगझगीत दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीला केंद्र सरकारनें २०१७ सालीं बंदी घातली. पण बंदीचा कागद आणि समुद्रावरील अंधार यांत बरेंच अंतर असतें.

“तुमच्याकडे पाऊस पडला नाहीं म्हणजे दुष्काळ दिसतो,” ती म्हणाली. “आमचा दुष्काळ पाण्याखालीं असतो. तो कोणाला दिसणार?”

आम्हांस १९७२ सालचा दुष्काळ आठवला. लहानपणीं खडी फोडणारीं माणसें आम्हीं पाहिलीं होतीं. पाण्यानें भरलेल्या समुद्रालाहि तसा काळ येत असेल, हें आमच्या स्वप्नींहि नव्हतें.

परततांना आम्ही याच विचारांत होतों. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत ठराविक तिथींना मासे मारूं व विकूं नयेत अशी आज्ञा आहे. आज आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तीहि माशांची वीण व्हावी म्हणूनच. सरकारी नियम होण्यापूर्वींहि पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहून मगच त्या पाण्यांत घालावयाच्या, अशी कोळ्यांची रीत होतीच. संयमाचे श्लोक आम्हीं मुलांकडून पाठ करून घेतले. त्या संयमावर ज्यांची चूल अवलंबून आहे, त्यांच्यासमोर मात्र नाकाला रुमाल लावून उभे राहिलों, याची लाज वाटली.

सौभाग्यवतींनीं नातवंडांसाठीं मूठभर शिंपले आणले आहेत. भूगोलाचा तो धडा आतां आम्ही त्यांना नव्यानें सांगतों. वाचकांपैकीं कोणी कोंकणांत गेल्यास देवळें व किल्ले अवश्य पाहावे. परंतु एक संध्याकाळ बंदरासाठींहि राखून ठेवावी, आणि रुमाल खिशांतच असूं द्यावा.