पाटीवरचे आरोग्य आणि ताटातले आरोग्य



आठवीच्या मुलांना आहाराच्या पाठानिमित्त कुठे न्यावे, हे पाहण्यासाठी आम्ही चार शिक्षक हैदराबादेतील एका भरडधान्यांच्या उपाहारगृहात प्रथमच गेलो. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून अशा पाट्या सर्वत्र दिसतात.

तेथील यादी वाचून आम्ही आधी गोंधळलो. मग उलगडा झाला. जोन्नलु म्हणजे ज्वारी, सज्जलु म्हणजे बाजरी, रागुलु म्हणजे नाचणी आणि कोर्रलु म्हणजे राळे. ही तर आपल्या आजीच्या कोठीतलीच धान्ये!

या धान्यांचे गुण खरे आहेत. आपल्याच शहरातील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते 10 मिलिग्रॅमही नसते. ज्वारीत तंतुमय भाग सुमारे 10 ग्रॅम, तर तांदळात 3 ग्रॅमच्या आत असतो.

चूक झाली ती जेवणाच्या शेवटी. आमच्या एका बाईंना मधुमेह आहे. 'साखर नाही' असे लिहिलेले नाचणीचे लाडू त्यांनी निर्धास्तपणे दोन खाल्ले. नंतर चौकशी केली तेव्हा कळले, की लाडू गुळाचे होते. संध्याकाळी तपासले तर रक्तातील साखर बरीच वाढलेली! गूळ हासुद्धा बहुतांशी साखरच असतो. शिवाय 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 67 ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात; तांदळात ते 78 असतात. म्हणजे धान्य चांगले असले तरी प्रमाण सोडून चालत नाही.

म्हणून अशा ठिकाणी प्रथम जाताना चार प्रश्न अवश्य विचारावेत:

1. पिठात भरडधान्य किती आणि मैदा किती?
2. पदार्थ तळलेला आहे की भाजलेला, वाफवलेला?
3. गोडी कशाची? साखर, गूळ, मध की खजूर?
4. लोणचे, पापड, चटणी मिळून मीठ किती होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी यादीत उष्मांक देणे नियमाने बंधनकारक आहे. ते आकडे मुलांना वाचू द्यावेत. गणिताचाही सराव होईल.

आठवीची मुले आता तेथे जातील ती हे चार प्रश्न वहीत लिहूनच. पालकांना विनंती एवढीच, की आठवड्यातून दोन दिवस डब्यात ज्वारीची भाकरी द्यावी. मुलांनीही 'डब्यात भाकरी?' म्हणून नाक मुरडू नये. तिच्यासाठी बाहेर पैसे मोजणारी माणसे आम्ही डोळ्यांनी पाहून आलो आहोत!