विश्लेषण : महाविद्यालयात मोफत फ्रेंच चित्रपट दाखवता येतात का? माजलगावात अडते कशावर?

परदेशातील अनेक विद्यापीठांच्या आवारात फ्रेंच चित्रपटांचे मोफत खेळ होतात. महाराष्ट्रात ही चैन बहुतांशी पुण्या-मुंबईची. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या एखाद्या महाविद्यालयाने असे खेळ ठेवायचे ठरवले तर काय आडवे येईल? पैसा, कायदा की भाषा?

तिकीट नाही, मग खर्च कोण करते?

अमेरिकेत १९९५ मध्ये ‘टुर्ने’ या नावाने सुरू झालेला एक उपक्रम चालतो. त्यात महाविद्यालयांना फ्रेंच भाषेतील किमान सहा चित्रपटांची मालिका दाखवण्यासाठी अनुदान मिळते. प्रदर्शनाच्या हक्काचे पैसे आधीच दिलेले असतात, म्हणून प्रेक्षकाला खिशात हात घालावा लागत नाही. आपली भाषा जगभर पोहोचावी यासाठी पॅरिसमध्ये १८८३ मध्ये ‘आलियाँस फ्रांसेज’ ही संस्था स्थापन झाली. मुंबई आणि पुण्यात तिची केंद्रे आहेत.

महाराष्ट्रात ही सोय कुठे आहे?

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. मुंबईत १९६८ पासून ‘प्रभात चित्र मंडळ’, तर पुण्यात १९८५ पासून ‘आशय’ या संस्थांनी प्रेक्षकांना जागतिक सिनेमाची गोडी लावली. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो. माजलगावच्या विद्यार्थ्याला मात्र यातले काहीही पाहायचे तर प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आला. चित्रपट मोफत असला, तरी तिथवर जाणे मोफत नसते.

महाविद्यालयातच दाखवला तर कायदा काय म्हणतो?

स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मधील कलम ५२ शिक्षणसंस्थांना सवलत देते. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो. अट एकच, प्रेक्षक मर्यादित हवेत : कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती. गावात फलक लावून सर्वांना बोलावले, तर ही सवलत लागू होत नाही. मग हक्कधारकाची परवानगी लागते आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्नही येतो. घरगुती ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट लावण्यापूर्वी त्या कंपनीच्या अटी वाचाव्यात. अशी खाती सहसा वैयक्तिक वापरासाठीच असतात.

थोडक्यात, वर्गाच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून विद्यार्थी आणि त्यांच्या आईवडिलांना चित्रपट दाखवायला कायद्याची आडकाठी नाही.

मग अडते कशावर?

पडद्याखालच्या ओळींवर. भारतात फ्रेंच चित्रपट दाखवला जातो तेव्हा उपशीर्षके बहुधा इंग्रजी असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ती एका दमात वाचता येत नाहीत. ओळ समजेपर्यंत दृश्य पुढे सरकलेले असते. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांच्या बाबतीत तर विचारायलाच नको.

खरे तर चित्रपटातला विषय परका नसतो. आन्येस वार्दा यांचा २००० सालचा माहितीपट पाहा. पीक निघाल्यावर शेतात राहिलेले बटाटे, द्राक्षे वेचून खाणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे. इंग्रजीत त्यांना ‘ग्लीनर्स’ म्हणतात. या शब्दावर विद्यार्थी अडखळेल. ‘सरवा वेचणारे’ म्हटले की त्याच्या आजीलाही कळेल. उस्मान सेम्बेन यांचा १९६६ चा ‘ब्लॅक गर्ल’ सेनेगलहून मालकांकडे घरकामासाठी फ्रान्सला गेलेल्या मुलीची गोष्ट सांगतो. पोटासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही.

यावर उपाय काय?

सुरुवात कमी संवादांच्या चित्रपटांनी करता येते. आल्बेर लामोरिस यांचा ‘द रेड बलून’ (१९५६) केवळ ३४ मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद नावापुरतेच आहेत. झाक ताती यांचे विनोदी चित्रपटही हालचालींवरच चालतात. ल्युमिए बंधूंचे चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले, तेव्हा तर ते मूकच होते. कुणाचीही भाषा आड आली नाही.

दुसरा उपाय म्हणजे मराठी उपशीर्षके. ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. इंग्रजी आणि मराठी विभागाचे विद्यार्थी मिळून अनुवाद करू शकतात. मात्र अनुवादाचा हक्कही मूळ मालकाकडे असतो, त्यामुळे आधी परवानगी घ्यावी. तेही जमत नसेल तर शिक्षकाने चित्रपटाआधी दहा मिनिटे मराठीत कथा सांगावी आणि नंतर चर्चा घ्यावी.

असे कुठे झाले आहे का?

कर्नाटकातील हेग्गोडू या लहानशा खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ने सत्तरच्या दशकात जागतिक चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पुण्याचे सतीश बहादूर आणि पी. के. नायर तिथे रसास्वादाचे वर्ग घ्यायला जात. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हेग्गोडू माजलगावपेक्षा कितीतरी लहान आहे.

माजलगावात पहिला खेळ ठेवताना तारीख मात्र विचारपूर्वक निवडावी लागेल. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पालकांनाही बोलवायचे असेल, तर कोयता घेऊन गेलेली माणसे घरी परतल्यावरचा दिवस धरावा.