रशिया आणि नाटो: बोलणं थांबलं की बिल कोणाला येतं?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. नेट कमी असेल किंवा गाडीत आवाज येत नसेल, तर वाचून घ्या.)

आजचा विषय ऐकून कोणीतरी म्हणणारच, "भाऊ, आपण गोंदियावाले, धान पिकवणारे. रशिया आणि नाटोचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मिळेल, पण शेवटाकडे. आधी गोष्ट समजून घेऊ, कारण ती आपण बहुतेक वेळा अर्धीच ऐकतो. "रशिया आणि नाटो जन्माचे वैरी" असं सगळे म्हणतात. पण मधली वीसेक वर्षं हे दोघं एका टेबलावर बसत होते, हे कोणी सांगत नाही.

नाटो म्हणजे काय?

४ एप्रिल १९४९ ला अमेरिका, कॅनडा आणि युरोपातले दहा देश, असे १२ देश एकत्र आले आणि त्यांनी करार केला. त्यातलं पाचवं कलम सगळ्यात महत्त्वाचं: एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. तेव्हा धास्ती होती सोव्हिएत संघाची. त्यांनीही १९५५ मध्ये वॉर्सा करार करून आपला गट उभा केला. १९९१ मध्ये तो गट मोडला आणि वर्षअखेर सोव्हिएत संघही.

तो शेवट कसा झाला बघा. २० डिसेंबर १९९१ ला ब्रसेल्समध्ये नाटोची जुन्या विरोधकांसोबत बैठक सुरू होती. बैठक चालू असतानाच सोव्हिएत राजदूतांना मॉस्कोहून निरोप आला, आणि त्यांनी सांगितलं की आपला देश आता उरलेला नाही, निवेदनातून त्याचं नाव काढा. बसले तेव्हा एका देशाचे प्रतिनिधी होते, उठले तेव्हा तो देशच नव्हता!

दोस्तीची वर्षं

१९९४ मध्ये रशिया नाटोच्या 'शांततेसाठी भागीदारी' या कार्यक्रमात आला. १९९६ पासून बोस्नियात शांतता राखायला रशियाचे सैनिक नाटोच्या सैनिकांसोबत उभे राहिले. २७ मे १९९७ ला पॅरिसमध्ये दोघांनी लिहून दिलं की आम्ही एकमेकांना शत्रू मानत नाही. २८ मे २००२ ला रोममध्ये 'नाटो-रशिया परिषद' तयार झाली.

पण कागद सोडा, याचा फायदा काय झाला? पाणबुडीची गोष्ट ऐका.

ऑगस्ट २००० मध्ये रशियाची 'कुर्स्क' ही अणुपाणबुडी बॅरेंट्स समुद्रात बुडाली. बाहेरच्या देशांनी मदत देऊ केली होती, पण रशियाने ती घ्यायला बरेच दिवस लावले. ब्रिटन आणि नॉर्वेची पथकं पोहोचली तोवर उशीर झाला होता. आतले सगळे ११८ जण गेले.

त्यानंतर २००३ मध्ये नाटो आणि रशियाने पाणबुडीतल्या लोकांच्या सुटकेसाठी करार केला. कोणाला फोन करायचा, कोणतं यंत्र कुठे लागेल, हे आधीच ठरवायचं आणि एकत्र सराव करायचा.

ऑगस्ट २००५ मध्ये कामचाटकाजवळ रशियाची एक छोटी पाणबुडी समुद्राच्या तळाशी जाळ्यांत आणि केबलमध्ये अडकली. आत सात जण, हवा संपत चाललेली. या वेळी रशियाने लगेच मदत मागितली. ब्रिटनने विमानाने दूरनियंत्रित यंत्र पाठवलं, त्याने केबल कापल्या, आणि सातही जण जिवंत वर आले. समुद्र या वेळीही खोलच होता. बदललं होतं ते एवढंच, की या वेळी मदत मागायला कोणी थांबलं नाही.

मग बिघडलं कुठे?

एका दिवसात नाही. मार्च १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक नाटोत गेले. त्याच महिन्यात कोसोवोच्या प्रश्नावर नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली, तीही संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या मंजुरीशिवाय. रशियाचे पंतप्रधान प्रिमाकोव्ह तेव्हा विमानाने अमेरिकेला निघाले होते. बातमी कळताच त्यांनी अटलांटिकवरूनच विमान मागे फिरवलं.

२००४ मध्ये आणखी सात देश नाटोत आले. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नाटोने जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया पुढे कधीतरी सदस्य होतील. तारीख मात्र दिली नाही. ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जियात युद्ध झालं. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि नाटोने प्रत्यक्ष सहकार्य थांबवलं, फक्त राजदूतांचं बोलणं चालू ठेवलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाटोने रशियाच्या आठ अधिकाऱ्यांना बाहेर काढलं, तर रशियाने ब्रसेल्समधलं आपलं कार्यालयच बंद केलं. १२ जानेवारी २०२२ ला परिषदेची बैठक झाली, पण हाती काही लागलं नाही. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला.

चूक कोणाची?

व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतो: "नाटोने एक इंचही पुढे न सरकण्याचं वचन मोडलं." फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर गोर्बाचेव्हना असं बोलले होते, हे खरं. पण ते जर्मनीच्या एकीकरणाच्या वाटाघाटीतलं तोंडी बोलणं होतं, कोणत्याही करारात ते लिहिलं गेलं नाही. रशिया म्हणतो, आम्हाला फसवलं. नाटो म्हणतं, कुठल्या गटात जायचं हे प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचं.

रशियाची नाराजी समजून घेता येते. पण नाराजी आहे म्हणून शेजाऱ्याच्या देशात रणगाडे घुसवायचा हक्क मिळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आणि परिणाम काय झाला? नाटो जवळ नको म्हणून युद्ध केलं, तर २०२३ मध्ये फिनलंड आणि २०२४ मध्ये स्वीडन नाटोत गेले. फिनलंडची रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा आहे!

आता गोंदियाकडे येऊ

पहिलं बिल घरातल्या मुलांना आलं. युक्रेनमध्ये एमबीबीएस करणाऱ्यांत विदर्भातलीही मुलं होती. २६ फेब्रुवारी २०२२ ला 'ऑपरेशन गंगा'चं पहिलं विमान २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरलं. कुठून आलं? बुखारेस्टहून. म्हणजे २००८ ची घोषणा झाली होती तेच शहर. मुलं बाहेर पडली ती मुख्यतः रोमानिया, हंगेरी, पोलंड आणि स्लोव्हाकियातून, आणि हे चारही देश नाटोचे. पण सुमीत अडकलेली सुमारे ७०० मुलं ८ मार्चला निघू शकली, कारण भारत रशिया आणि युक्रेन या दोघांशीही फोनवर बोलत होता. एका बाजूचा जरी फोन बंद असता, तरी त्या बस हलल्या नसत्या.

दुसरं बिल आलं बांधीत. रशिया आणि बेलारूस हे पोटॅशचे मोठे निर्यातदार, आणि आपल्याला पोटॅश बाहेरूनच आणावं लागतं. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून, आणि युद्धामुळे वायूही महागला. २०२२ मध्ये पोटॅशची ५० किलोची बॅग १,७०० रुपयांच्या आसपास गेली. युरियाची ४५ किलोची बॅग मात्र रोवणीच्या वेळी कृषी केंद्रात २६६ रुपये ५० पैशांनाच होती. मग वरचा खर्च गेला कुठे? सरकारी तिजोरीत. २०२२-२३ मध्ये देशाची खत सबसिडी सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेली. तो पैसाही शेवटी आपलाच.

यातून घ्यायचं काय?

शत्रूशी बोलणं म्हणजे कमजोरी, असं टीव्हीवरच्या चर्चा ऐकून वाटतं. पण आपलंच बघा. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या साली दिली, इतर तणावांतही दिली. मे २०२५ मध्ये गोळीबार थांबला, तोही दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांच्या फोनवर. बोलण्याने भांडण मिटेलच असं नाही. पण गैरसमजातून वणवा पेटू नये, एवढी सोय राहते.

नाटो आणि रशियाने ती सोय तयार केली होती, तिने सात माणसं वाचवली होती, आणि मग वर्षामागून वर्ष ती मोडत गेली. बिल फक्त ब्रसेल्स आणि मॉस्कोला आलं नाही. सगळ्यात मोठं बिल युक्रेनची माणसं आजही भरताहेत. थोडं आपल्यापर्यंतही पोहोचलं.

तुमच्या गावातलं कोणी तेव्हा युक्रेनमध्ये होतं का? किंवा त्या हंगामात खताचा हिशोब कसा जमवला? व्हॉइस नोट पाठवा, निवडक अनुभव पुढच्या भागात ऐकवू. आणि तो "एक इंच"वाला फॉरवर्ड आला, तर हा भाग पुढे पाठवा. भेटू!